व्हीएलची शिट्टी

नेव्हिल ट्रेन्गोव्हने ती चौदा सेकंदांची फीत तीन दिवसांत दोनशे वेळा तरी ऐकली असेल. शेजारणीच्या दारावरच्या कॅमेऱ्यात धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं, पण आवाज स्वच्छ होता. गाडी जोरात येते, धप्प होतं, गाडी क्षणभर थांबते आणि पुन्हा वेग घेऊन निघून जाते. त्या धप्पमध्ये त्याची पोरगी होती, टीगन. सकाळी सव्वासहाला कामावर निघाली होती बिचारी. बेकरीची गाडी येईपर्यंत वीस मिनिटं ती रस्त्याच्या कडेला पडून होती. डॉक्टरांनी तिचा उजवा पाय गुडघ्याखाली कापला.

पोलीस म्हणाले, नुसत्या आवाजावरून गाडी कशी शोधणार? नेव्हिलने त्यांच्याशी वाद घातला नाही. एलिझाबेथ गावातल्या मोटारींच्या कारखान्यात त्याने एकतीस वर्षं कमोडोर गाड्या जोडल्या होत्या, अगदी कारखान्याला कुलूप लागेपर्यंत. घरात बसून, रस्त्यावरून गेलेली गाडी कुठल्या पिढीची ते तो सांगायचा आणि पैज जिंकून बिअर उकळायचा. कमोडोरच्या व्हीके मॉडेलचं ते जुनं, जड सहा सिलिंडरचं इंजिन वेगळं घरघरतं. व्हीएनचं व्ही-सिक्स भसाडं. आणि या दोघींच्या मधली व्हीएल. शिसं नसलेलं पेट्रोल आलं, जुन्या इंजिनाचे दिवस भरले, म्हणून हिच्यासाठी जपानहून सरळ रांगेतलं सहा सिलिंडरचं इंजिन मागवलं होतं. दोनच वर्षं चालला तो प्रकार. त्याला टर्बो जोडलेला असला की वेग घेताना बारीक शिट्टी वाजते.

फितीत ती शिट्टी होती.

"व्हीएल टर्बो," हॉस्पिटलात तो धाकट्या भावाला, क्लाइव्हला म्हणाला. "आईशप्पथ सांगतो."

"धुकं होतं, नेव. कुठलीही गाडी असेल."

"धुक्यात कान बंद होतात का रे? पण तुम्हा फोर्डवाल्यांना काय सांगायचं! तुमचे कान जन्मापासूनच गेलेले."

एरवी क्लाइव्हने यावर चार तरी ऐकवल्या असत्या. त्याने आयुष्यात फोर्डच्या फाल्कनशिवाय, म्हणजे कमोडोरच्या हाडवैरिणीशिवाय, दुसरी गाडी दारात उभी केली नव्हती, आणि दर नाताळच्या जेवणात दोघा भावांची यावरून जुंपायचीच. आज तो झोपलेल्या टीगनचा हात धरून बसून राहिला.

गावात व्हीएल टर्बो मोजून तीन. एक दोन वर्षं विटांवर उभी, एक पर्थला विकलेली. राहिली जॅरड नॅन्किव्हेलची. तो टीगनचा आधीचा मित्र, ईस्टरला तिने त्याला हाकलून दिलं होतं. नेव्हिलला आणखी काही जुळवायची गरज वाटली नाही. त्याने आपल्या युटच्या, मागे उघडा हौदा असलेल्या गाडीच्या, मागून चाकाचा पाना काढला.

दुपारी जॅरड परसात एकटाच बार्बेक्यूच्या पत्र्यावर मटणाचे चॉप्स भाजत होता.

"अरे नेव! टीगन कशी आहे? मी येणार होतो, पण म्हटलं तिला आवडेल की—"

पहिला घाव खांद्यावर बसला. काहीतरी मोडल्याचा आवाज आला आणि जॅरड गुडघ्यांवर आला. नेव्हिलने त्याचं मनगट धरून पंजा तापलेल्या पत्र्यावर दाबला. पोरगा ज्या आवाजात किंचाळला, त्या आवाजाने नेव्हिलला बरं वाटलं. हो, बरंच वाटलं, तीन दिवसांत पहिल्यांदा.

"थांबलास आणि निघून गेलास, हरामखोरा? बघून गेलास?"

"कुठं? मी काय केलं? नेव, काय केलं मी?"

नेव्हिलने त्याला लाथांनी तुडवलं. बूट जुने, कारखान्यातले होते, पुढे पोलाद असलेले. बरगड्या मोडल्या. जॅरड कुशीवर वळला, रक्त थुंकला आणि गाडीकडे बोट करत राहिला.

"बॉनेट... बॉनेट उघड. माझं इंजिन व्ही-एट आहे आता. बघ ना!"

नेव्हिलने बॉनेट उघडलं. आत पाच लिटरचं व्ही-एट बसलेलं, टर्बो नसलेलं. त्यातून शिट्टी येणं शक्यच नव्हतं.

"आधीचं कुठंय?"

"विकलं. मार्चमध्ये. क्लाइव्हला."

"कुठला क्लाइव्ह?"

"तुझा भाऊ. फाल्कनमध्ये घालतोय म्हणाला. नेवला तेवढं सांगू नकोस म्हणाला, जन्मभर नाक कापेल माझं."

नेव्हिलने पाना त्याच्या तोंडावर मारला. दोन दात सिमेंटवर पडले. हा घाव टीगनसाठी नव्हता. माणूस दारू पिऊन गाडी चालवेल, पोरीला उडवून पळूनही जाईल, पण ट्रेन्गोव्हच्या घरातला फोर्डवाला आपल्या फाल्कनमध्ये कमोडोरचं इंजिन घालेल, असं बोलायची या पोराची हिंमतच कशी झाली, यासाठी होता. आणि मारता मारताच त्याच्या लक्षात आलं, की एवढी लाजिरवाणी गोष्ट कुणी खोटी रचून सांगणार नाही.

जॅरड आता बोलत नव्हता. पत्र्यावरचे चॉप्स करपत होते. नेव्हिल युटमध्ये बसला आणि निघाला.

क्लाइव्ह टू वेल्स गावाच्या पलीकडे राहायचा, चाळीस मिनिटांवर. त्याची शेड उघडीच होती. आतली एक्सएफ फाल्कन नेव्हिलने आजवर हजारदा पाहिली असेल, पण फोर्डचं बॉनेट उघडून बघायचं नाही ही त्याची जुनी ऐट. आज उघडलं. कमोडोरचं इंजिन तिथं गपगार बसलेलं होतं, पुसून लख्ख केलेलं. डावीकडचा पत्रा नुकताच ठोकून सरळ केलेला, वर रंगाचा पहिला हात दिलेला.

"मला माहीत होतं तू येशील," दारातून क्लाइव्ह म्हणाला. "तुझा कान कधी चुकत नाही."

"थांबला होतास तू. मी ऐकलंय. थांबला होतास!"

"थांबलो. वाटलं, कांगारू असेल." मग त्याने मान हलवली. "नाही. खोटं कशाला बोलू? आरशात जाकीट दिसलं. माणूस आहे एवढं कळलं. परवाना रद्द झालेला, रात्रीची उतरली नव्हती. घाबरलो, नेव. ती टीगन आहे हे तुझा फोन आला तेव्हा कळलं."

"आणि तिचा हात धरून बसलास? तीन दिवस?"

नेव्हिलने पाना दोन्ही हातांनी फिरवला. क्लाइव्हने अंग चोरलं नाही. उजवा गुडघा आतल्या बाजूला वळला आणि साठीचा माणूस लहान पोरासारखा ओरडत जमिनीवर कोसळला. नेव्हिलने पुन्हा पाना उचलला, या वेळी क्लाइव्हच्या डोक्यात घालायला. आपण याला ठार मारणार आहोत हे त्याला स्पष्ट कळत होतं आणि त्याचं त्याला काहीही वाटत नव्हतं.

"तुझ्या शर्टावर रक्त कुणाचं आहे?" क्लाइव्हने खालून विचारलं.

"जॅरडचं."

"पोरगा जिवंत आहे ना?"

नेव्हिलचा पाना वरच राहिला.

"कुणापाशी सोडून आलास त्याला? नेव? कुणी होतं का तिथं?"

कुणी नव्हतं. जॅरड एकटा राहत होता, आणि शेजारी संध्याकाळपर्यंत कामावर. नेव्हिलने घड्याळ पाहिलं. निघाल्याला पन्नास मिनिटं झाली होती. पाना हातातून कधी गळला ते त्याला कळलंही नाही. त्याने फोनवर तीन शून्यं दाबली, अँब्युलन्सचा नंबर.

त्याने आधी जॅरडचा पत्ता सांगितला, मग इथला. पलीकडून एक बाई शांतपणे विचारत होती. पहिल्या जखमीचं वय? सव्वीस. कशानं लागलंय? पान्यानं, लाथांनी, हात भाजलाय.

"श्वास चालू आहे का त्याचा?"

"निघालो तेव्हा चालू होता."

"म्हणजे तुम्ही आता त्याच्याजवळ नाही?"

"नाही," नेव्हिल म्हणाला. "मी निघून आलो."