भोगाआधीची गळवाणी

पुसेगावच्या पलीकडच्या तांड्याचा नायक रूपसिंग याला बाजारात कोणी फसवल्याचं ऐकिवात नाही. बैलांचा व्यापार वाडवडिलांपासून चालत आलेला. रोडावलेला बैल कसा उभा करायचा, हे त्याला बराबर ठाऊक. आदल्या दिवशी मीठ चारायचं, पहाटे पोटभर पाणी पाजायचं, शिंगांना तेल चोपडायचं. घेणाऱ्याच्या डोक्यात प्रकाश पडेपर्यंत रूपसिंग तांड्यात पोचून निवांत विडी ओढत बसलेला असायचा.

अशा बेरकी माणसाला साखरेचा आजार झाला आणि त्याचं गोड बंद झालं. चहा फिका झाला, ते त्याने सोसलं. पण सेवालाल महाराजांच्या जयंतीला भोग लागतो, तेव्हा कणीक तुपात भाजून गुळाच्या पाण्यात शिजवलेली गळवाणी नायकाने अग्नीला द्यायची आणि प्रसादाचा पहिला घासही नायकानेच घ्यायचा, ही तांड्याची रीत. गेल्या जयंतीला त्याला नुसती वाटी कपाळाला लावून खाली ठेवावी लागली होती. सगळ्या तांड्यादेखत! तो सल काही जात नव्हता.

म्हणून यंदा त्याने दिपाशी सौदा केला. दिपा म्हणजे त्याची लेक, हिंगोलीला नर्स. सणासाठी रजा टाकून आली होती, आणि बोट टोचून साखर सांगणारं यंत्र सोबत घेऊन आली होती.

"जयंतीच्या सकाळी उपाशीपोटी साखर एकशेतीसच्या आत आली, तर एक वाटी," दिपा म्हणाली. "न्हाई आली, तर वास घ्यायचा."

रूपसिंगने लगेच स्वतःला बाजारासाठी तयार करायला घेतलं. दुपारपासून अन्नाला शिवला नाही. कारल्याचा रस तोंड वाकडं करत दोनदा प्याला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीला धावत फेरी मारली आणि जयंतीआधीची तालीम म्हणून छाती फुगवून लेकीपुढे बोट धरलं. साखर दोनशेच्या वर! आधीच्यापेक्षाही जास्त.

"आमी कालपासून शीत खाल्लं न्हाई! मंग ही आली कुठून?"

"तुमच्याच लिव्हरातून, बापू. तुमी उपाशी राहिले की डोकं बंद पडू नये म्हणून लिव्हर आपल्या कोठारातली साखर सोडते. कमी पडली की वाढवायची, वाढली की उतरवायची. अंग दिवसरात तेच करून राहिलं. तुमचं उतरवायचं काम तेवढं बिघडलंय, म्हणून गोळी हाय."

हे ऐकून रूपसिंगचा तिळपापड झाला. आपल्याच पोटात राहायचं, आपलंच खायचं, आणि ऐन वेळी फितूर व्हायचं! त्या दिवसापासून त्याने आपल्या लिव्हराशी उभा दावा मांडला. बाजारात एवढी गिऱ्हाइकं झुलवली, हे तर घरचंच. विचार करता करता त्याला डाव सुचला. एका गोळीने साखर थोडी उतरते, तर तीन गोळ्यांनी कोठाराला कुलूपच लागेल. असलं गणित करायला डोकं लागतं, आणि ते वापरायचं नाही असंही ठरवावं लागतं.

जयंतीच्या पहाटे त्याने कोणाला न सांगता तीन गोळ्या गिळल्या आणि वर फक्त पाणी प्याला.

उन्हं वर आली तेव्हा नायकाच्या अंगणात सगळा तांडा जमला होता. अग्नी पेटला होता. निर्मलाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, गळवाणीचं पातेलं झाकून ठेवलं होतं. भोग लागेपर्यंत त्याची चव घ्यायची नाही, हा नेम मोडायचं धाडस तांड्यात अजून कोणी केलं नव्हतं. सकाळच्या गारठ्यात बाया शाली आवळून बसल्या होत्या आणि रूपसिंगच्या सदऱ्यातून मात्र घाम निथळत होता. हात थरथरत होते. हा आनंदच असणार, असं त्याला वाटलं.

दिपाने बोट टोचलं. अठ्ठेचाळीस.

"जिंकलो!" रूपसिंग ओरडला.

दिपाचा चेहरा उतरला. "बापू, किती गोळ्या खाल्ल्या?"

उत्तराऐवजी रूपसिंगने निर्मलाबाईचा हात धरला, त्यावर आपलं उपरणं टाकलं आणि बैलबाजारात करतात तसा तिची बोटं दाबून भाव करू लागला. "दात बघा, पावणं. चार दाती हाय. अंगात खोड न्हाई."

"याडी, गोड आण! कायबी आण!" दिपा आईकडे बघून किंचाळली.

आता घरात गोड कुठून येणार? नवऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून निर्मलाबाईने साखरेचा डबा कधीच शेजारी देऊन टाकला होता, आणि आणलेला गूळ सगळा भोगात गेला होता. तिने एकदा अग्नीकडे पाहिलं. मग पातेल्यावरचं झाकण उडवलं, पळी भरली, फुंकून फुंकून निववली आणि नवऱ्याच्या तोंडाला लावली.

"भोगाच्या आधी?" म्हातारा धर्मसिंग कळवळला.

"देवाला दम हाय," निर्मलाबाई दुसरी पळी भरत म्हणाली. "ह्येंला न्हाई."

तिसऱ्या पळीनंतर रूपसिंगने भाव करायचं सोडलं, आणि थोड्या वेळाने डोळे चोळत विचारलं, "काहून सगळे माझ्याकडं बघून राहिले?"

घराघरांतून गुळाचे खडे गोळा झाले, गळवाणी नव्याने शिजली आणि दुपारी भोग लागला. रूपसिंगने अग्नीला घास दिला. दिपा यंत्र घेऊन शेजारीच बसली होती. साखर ठिकाणावर आली होती, पण दिवसभर नजर ठेवावी लागणार होती. प्रसादाची वाटी हातात आली, तेव्हा तिने नुसती मान हलवली.

"सकाळीच तीन पळ्या झाल्या, बापू."

रूपसिंग सुन्न झाला. दोन वर्षं जिच्यासाठी जीव टाकला, ती पोटात गेली होती, आणि त्याला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. त्याला खरोखर रडू आलं.

"कशी झालती गं?" त्याने हळूच बायकोला विचारलं.

"मला काय ठावं?"

"मागल्या साली खाल्ली असंल की."

निर्मलाबाई पदराशी चाळा करत राहिली. "तुमचं बंद झाल्यापासून म्या कुठं गोडाला हात लावला?"

आयुष्यभर लोकांना बनवणाऱ्या माणसाला घरात काय चाललंय, याचा पत्ता नव्हता. त्याने वाटीतला घास उचलला आणि सगळ्या तांड्यादेखत तिच्या तोंडापुढे धरला.

"खाय. आन् मला सांग."

ती लाजली, इकडेतिकडे पाहिलं आणि घास घेतला. सावकाश, डोळे मिटून खाल्ला.

"गूळ कमी पडलाय," ती म्हणाली, आणि पुन्हा तोंड उघडलं.