सुरमईचा घास

खारघरच्या हॉस्पिटलमधून निघताना डॉक्टरांनी पुढची तारीख दिली नाही, तेव्हाच नरेंद्रला कळायचं ते कळलं. आतापर्यंत दर खेपेला तारीख मिळायची. या खेपेला त्याला बाहेर बाकावर बसवून बायको शीलाला आणि मुलगी भावनाला आत बोलावलं. दोघी बाहेर आल्या तेव्हा भावनाचे डोळे लाल होते.

"औषधं बदललीत पप्पा. आता घरीच आराम करायचा," ती म्हणाली.

त्याने मान हलवली.

अन्ननलिकेचा कॅन्सर होता. घास उतरायचा केव्हाच बंद झाला होता. नाकातून पोटात नळी घातली होती आणि शीला दिवसभर थोडं थोडं दूध, वरणाचं पाणी, डब्यातली पावडर कालवून त्या नळीतून सोडायची. आवाजही बसला होता, नुसती कुजबूज उरली होती. अंबरनाथच्या रंगाच्या कंपनीत मशीनच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय लागलेला माणूस, आता त्याचं बोलणं ऐकायला कान जवळ न्यावा लागायचा.

गाडी साईनाथची होती. तो चामटोलीचा. त्याच्या इकोमधून या बाजूचे बरेच पेशंट खारघरला, परळला जायचे. कोणाशी किती बोलायचं हे त्याला आता सवयीने कळत होतं. आज त्याने गाणी लावली नव्हती.

तळोजा मागे पडलं, काटई नाक्यावरून गाडी बदलापूर रोडला लागली. नेवाळीच्या थोडं अलीकडे डाव्या हाताला 'सातखाडी' या मासळीच्या हॉटेलची पाटी दिसते. ठाण्याला, कल्याणला, पुण्याला त्यांची हॉटेलं होतीच. इथलं नवीन. शनिवार-रविवारी लोक नंबर लावून बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेले असतात. मसाल्याचा वास रस्त्यापर्यंत येतो. येता-जाता नरेंद्र काच खाली करायचा आणि पाटी मागे जाईपर्यंत बघत राहायचा. मासे हा त्याचा जीव होता. रविवारी बाजारात जाऊन तो स्वतः मासळी आणायचा, स्वतः साफ करायचा, तव्याजवळ कोणाला उभं राहू द्यायचा नाही.

"बरं वाटलं की जाऊ आपण," शीला दर वेळी म्हणायची.

आज पाटी दिसल्यावर त्याने पुढे वाकून साईनाथच्या खांद्यावर हात ठेवला.

"थांबव."

साईनाथने आरशातून भावनाकडे बघितलं.

"पप्पा, इथे कशाला? घरी जाऊ ना. तुम्ही दमलात."

"तुम्ही जेवा," तो म्हणाला. "मी बसतो."

"तुमच्यासमोर आम्ही जेवायचं?"

"हो."

भावना आणखी काही बोलणार होती, पण शीला म्हणाली, "थांबव रे साईनाथ." गेले कित्येक महिने तिने स्वयंपाकघराचं दार लोटून, उभ्या उभ्या जेवण उरकलं होतं. वास त्याच्यापर्यंत जाऊ नये म्हणून मासळी तर घरात आणलीच नव्हती. आणि आज तो स्वतःहून जेवा म्हणत होता.

दुपार होती, आठवड्यातला मधला वार, तरी हॉटेल निम्मं भरलेलं होतं. त्याला दोन्ही बाजूंनी धरून त्यांनी काचेजवळच्या टेबलाशी बसवलं. साईनाथला भावनाने सोबत बसायला सांगितलं, पण तो "तुम्ही बसा ताई, मी हाय हितंच" म्हणत मागच्या टेबलाला एकटा बसला. नरेंद्रने मेनूकार्ड पुढे ओढलं, सगळी पानं सावकाश वाचली आणि बोट ठेवून दाखवलं. सुरमई थाळी. चिंबोरी मसाला. तांदळाची भाकरी.

"एवढं कोण खाणार?" शीला म्हणाली.

"तू," तो म्हणाला.

शेजारी दोन टेबलं जोडून कोणाचा तरी वाढदिवस चालला होता. फुगे बांधलेले होते. त्यातली चार-पाच वर्षांची मुलगी खुर्चीवर उलटी बसून नरेंद्रच्या नाकातल्या नळीकडे टक लावून बघायला लागली. तिच्या आईने तिला वळवून बसवलं. ती परत वळली. मग त्या बाईने हात वर करून कोणाला तरी बोलावलं.

थोड्या वेळाने मॅनेजर आला. शर्टावर नाव होतं, सुजित. तिशीचा असेल. तो भावनाजवळ वाकला.

"मॅडम, आत पार्टिशनमध्ये टेबल देऊ का? तिथे एसी चांगला आहे. काकांना कम्फर्टेबल होईल."

"इथे काय प्रॉब्लेम आहे?"

"प्रॉब्लेम नाही मॅडम. थोडं... लहान मुलं आहेत ना."

नरेंद्र काचेबाहेर बघत होता. त्याला ऐकू गेलं की नाही ते कळलं नाही. भावना उठली. "इथे नको. काउंटरवर चला, तिथे बोलू," असं म्हणून ती मॅनेजरला घेऊन गेली. उल्हासनगरच्या एका लॅबमध्ये ती रक्ताचे नमुने घ्यायची. दिवसभर आजारी माणसांत असायची. बापाला कोणी आजारी म्हणून बाजूला सारतंय, हे मात्र तिला सहन झालं नाही. काउंटरवर तिचा हात जोरजोरात हलताना शीलाला दिसत होता.

तेवढ्यात थाळी आली. रव्यात तळलेली सुरमई, तुकड्याच्या कडा तांबूस, वर लिंबाची फोड. वाफ निघत होती. नरेंद्रने ताट स्वतःकडे ओढलं आणि वाकून वास घेतला. नाकाच्या एका बाजूला नळी, दुसऱ्या बाजूने जेवढा जाईल तेवढा. मग ताट शीलाकडे सारलं.

"खा."

तिने भाकरीचा तुकडा मोडला, माशाला लावला आणि तोंडात घातला. तिला भूक लागली होती. सकाळपासून पोटात चहाशिवाय काही नव्हतं. पहिला घास गेल्यावर दुसरा तिने घाईने घेतला आणि मग तिची तिलाच लाज वाटली.

"कसाय?"

"चांगलाय. ताजाय. पण तुमच्यासारखा नाही. मीठ कमी आहे."

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला. मग तिच्या मनगटावर हात ठेवून म्हणाला, "मला दे."

"अहो, काहीतरीच काय."

"गिळत नाही. चावतो, टाकून देतो."

"भावना बघेल."

"म्हणून आत्ता दे."

शीलाने काउंटरकडे बघितलं. भावनाची पाठ इकडे होती. डॉक्टरांनी सकाळी काय सांगितलं ते तिला आठवत होतं. तोंडाने थेंबभर पाणीसुद्धा नाही, फुप्फुसात जाईल. आणि पुढचंही आठवत होतं, की आता फार दिवस धरू नका. दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच आवाजात सांगितल्या होत्या.

तिने तुकड्याची कातडी काढली, काटा काढला, मऊ भाग चिमटीत घेतला आणि त्याच्या तोंडात ठेवला.

त्याने डोळे मिटले. हळूहळू चावायला लागला. गालाची हाडं वर-खाली होत होती. शीलाने कागदी रुमाल उघडून त्याच्या हनुवटीखाली धरला. "टाका आता," ती म्हणाली. त्याने मान हलवली, थांब अशी. आणखी थोडा वेळ चावत राहिला.

"टाका ना."

त्याचा गळा हलला. मुद्दाम गिळलं की सवयीने गेलं, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढेही कधी नाही. त्याने डोळे उघडले. ते मोठे होत गेले.

मग खोकला आला. आधी आवाज नसलेला, नुसते खांदे हलणारा. त्याने टेबलाची कड धरली, पाण्याचा ग्लास पडला. नळीच्या बाजूने दूध बाहेर आलं, मग रक्त. चेहरा काळानिळा पडायला लागला. शीला त्याची पाठ चोळत "अहो, अहो" एवढंच म्हणत होती. साईनाथ मागून धावत आला. त्याने नरेंद्रला पुढे वाकवलं आणि पाठीत हात मारले. भावना काउंटरवरून पळत आली.

"पाणी देऊ नका," ती ओरडली, कारण मॅनेजर ग्लास घेऊन आला होता.

वरच्या स्पीकरवरचं गाणं तेवढं चालू होतं. साईनाथने नरेंद्रला लहान मुलासारखं उचललं. मॅनेजरने पळत जाऊन दार धरलं, गाडीपर्यंत सोबत आला, मागच्या सीटवर पाय आत घ्यायला मदत केली. "सॉरी मॅडम," तो भावनाला म्हणाला. कशाबद्दल ते त्यालाही माहीत नसावं.

अंबरनाथच्या हॉस्पिटलमध्ये नळी घालून घशातलं काढलं. श्वास परत लागला, पण आत गेलं ते गेलं होतं. रात्री ताप चढला. न्यूमोनिया झाल्याचं दुसऱ्या दिवशी सांगितलं.

कॉरिडॉरमध्ये भावना आईसमोर उभी राहिली.

"त्यांनी स्वतः घेतला की तू दिलास?"

"मी दिला."

"डॉक्टर तुझ्यासमोर बोलले होते ना आई?"

"हो."

"मग?"

"मागितला त्यांनी."

"मागितला म्हणून द्यायचा?"

भावना भिंतीला टेकून खाली बसली. त्यानंतर त्या हॉस्पिटलात असेपर्यंत दोघी औषधांपलीकडे एकमेकींशी बोलल्या नाहीत. आठवडा पुरा व्हायच्या आत नरेंद्र गेला. शेवटी तो शुद्धीवर नव्हता.

पुण्यानुमोदनाला चिखलोलीच्या त्यांच्या बिल्डिंगखाली मंडप घातला होता. भंतेजींची वंदना झाली, लोक जेवायला बसले, तेव्हा नरेंद्रची मोठी बहीण बनूबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "काही असो, माझा भाऊ उपाशी नाही गेला. बायकोच्या हातचा घास खाऊन गेला." दोन-तीन बायकांनी डोळ्याला पदर लावला. भावनाच्या हातात वाढायचं पातेलं होतं. तिने ते जमिनीवर ठेवलं, नवऱ्याला हाक मारली आणि दोघं न जेवता निघून गेले.

त्यानंतर लोक भेटायला यायचे आणि कोणी ना कोणी विचारायचंच. चव लागली का हो त्यांना? शीला म्हणायची, लागली. समाधानाने डोळे मिटले होते. लोकांना बरं वाटायचं.

भावना बरेच दिवस आली नाही. फोन करायची, बीपीची गोळी घेतलीस का विचारायची, ठेवून द्यायची. मग एका रविवारी दुपारी आली. आईने पुढे केलेला चहा घेतला. गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढून आणले, घड्या घातल्या. जायची वेळ झाली तेव्हा चप्पल घालता घालता, आईकडे न बघता तिने विचारलं, "पप्पांना चव लागली होती का गं?"

शीला दारात उभी होती. इतरांना द्यायचं उत्तर तोंडापर्यंत आलं होतं.

"माहीत नाही," ती म्हणाली. "विचारणार होते. तेवढ्यात खोकला आला."

भावनाने मान हलवली. एक पाय चपलेत, एक बाहेर, अशी ती भिंतीला हात लावून उभी होती.

"पुन्हा मागितला असता तर?"

"दिला असता."

भावनाने दुसरा पाय चपलेत घातला. जिना उतरून खाली गेली. शीलाने गॅलरीतून बघितलं. ती गेटजवळ रिक्षाची वाट बघत उभी होती. वर बघितलं नाही. रिक्षा आली, ती बसली.

पुढच्या रविवारी ती परत आली.