टेकायला जागा

प्रश्न: “बाबा, एवढंच सांगा. भेग आहे की नाही?”

मुलगी ताटावरून वाकून विचारत होती. बापाने घास संपवला, पाणी प्यायलं, ताट उचललं आणि घासायला ठेवलं.

“विचारलंस ना? आता बस वाट बघत,” आई म्हणाली. “यांचं उत्तर तुमच्या त्या चंद्रावरून यायचं.”

तो चंद्र खरोखरच लांबचा. आपला नव्हे, एका मोठ्या ग्रहाभोवती फिरणारा, बर्फाने मढलेला. काही वर्षांनी तिथे एक गाडी उतरायची होती. इथून दिलेली आज्ञा तिथे पोचायला पाऊण तास, आणि गाडीने काय केलं हे कळायला आणखी पाऊण तास. गाडी खड्ड्यात गेलीच, तर चालवणाऱ्याला ते कळेपर्यंत ती थंड पडलेली असणार. त्यामुळे आज्ञा देताना चित्रात न दिसणारी जमीनही मनाशी धरावी लागे.

गाडी चालवायला खुर्ची एक. उमेदवार दोन, मुलगी आणि एक उंच मुलगा. चाचणी उद्या.

आणि चाचणीची जमीन करणारा माणूस म्हणजे बाप.

*

जमीन करायची म्हणजे काय करायचं? एका रिकाम्या गोदामात मीठ, काचेचा चुरा आणि पांढऱ्या सिमेंटच्या फुटक्या लाद्या घेऊन त्या चंद्रासारखं काहीतरी मांडायचं. कुठे चढ, कुठे भेग, भेगेवर मिठाचा पापुद्रा. गाडी फिरून गेली की दंताळ्याने चाकांच्या खुणा पुसायच्या, आणि पुसत पुसत उलटं चालत दारापर्यंत यायचं, म्हणजे स्वतःची पावलंही उरत नाहीत. मग नवी जमीन.

चालवणाऱ्यांनी गोदामात पाऊल टाकायचं नाही आणि बापाने बाहेर काही बोलायचं नाही, असा नियम होता. दुसरा भाग त्याला जड गेला नाही.

लोक त्याला ‘जमीनदार’ म्हणत. भाड्याच्या दोन खोल्यांतला जमीनदार. तोही हसायचा, जरा वेळाने.

जमीन करणारा बाप आणि गाडी चालवणारी त्याचीच मुलगी, हे चालेल का, असं कुणीतरी विचारलं होतं. चाचणी घेणाऱ्या मोठ्या बाई म्हणाल्या, “जमिनीला आडनाव नसतं.” विषय संपला.

*

उत्तर, दुसऱ्या दिवशी सकाळी, बुटाची नाडी बांधताना:

“कालच्या भाजीत मीठ कमी होतं.”

आईने कपाळाला हात लावला. मुलगी हसली आणि बापलेक दोघं एकाच रस्त्याने, मध्ये अंतर ठेवून कामावर गेली.

*

चालवायच्या खोलीला खिडकी नव्हती. चित्र आलं. समोर भेग होती, तिच्यापलीकडे उतार, आणि उताराच्या पायथ्याशी काय आहे ते दिसत नव्हतं.

उंच मुलगा आदल्या फेरीत भेगेच्या अलीकडेच थांबला होता. गाडी शाबूत, गुण बेताचे.

मुलीने आज्ञा दिली. भेग आडवी ओलांड, उतार उतर, पायथ्याशी थांब.

“पायथ्याशी काय आहे?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“सपाट असेल.”

“कशावरून?”

ती पडद्याकडे वळली. चंद्रावरचा उशीर चाचणीतही मुद्दाम तेवढाच ठेवलेला; दोन्हीकडचा पाऊण पाऊण तास सगळे चहा पीत बसले. मग चित्र आलं. पायथ्याशी सपाट जागा होती. गाडीएवढी, नीट चोपलेली, आणि तिच्यावर गाडी उभी होती. कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

*

प्रश्न, त्या संध्याकाळी:

“बाबा, तुम्ही ते मुद्दाम ठेवता का?”

“काय?”

“कठीण जागा संपली की पुढे जरा सपाट. दर वेळी असतं. गाडीला टेकायला जागा.”

आईने गोड केलं होतं. बापाची वाटी तशीच राहिली. तो उठून गॅलरीत गेला आणि वाळलेले कपडे काढू लागला, तेही बरोबर उलट क्रमाने, दाराच्या दिशेने.

“जागा मिळाली ना तुला?” आई म्हणाली. “मग उगाच कशाला खाजवतेस?”

“तिकडे कुणी बाबा जाऊन बसलेत का, आई, जमीन चोपायला?”

*

उत्तर, सकाळी. बाप आंघोळ करून आला, टॉवेल खांद्यावर:

“तू चालायला लागलीस ना, तेव्हा थांबायचं माहीतच नव्हतं तुला. पडेपर्यंत धावायचीस. मग मी आपला पुढे पुढे जाऊन गोधडी टाकत राहायचो. हाताला सवय लागली असेल. मला नाही माहीत.”

त्याने वर बघितलं. खोलीत आईच होती.

“ती मघाच गेली,” आई म्हणाली. “मोठ्या बाईंना भेटायला.”

*

“माहीत तर सगळ्यांनाच होतं,” उंच मुलगा बोळात मुलीला म्हणाला. “माझी छाती झाली नाही, एवढंच. तू कशाला बोललीस? शहाणी.”

निकाल रद्द झाला. सिमेंट कालवायचं फिरतं पीप आणलं गेलं आणि त्यातून मीठ, चुरा, लाद्या गोदामात ओतल्या गेल्या, जशा पडतील तशा. बापाला सामानाच्या खोलीत बसवलं. कुणी त्याला वाईट बोललं नाही. मोठ्या बाईंनी तर बसायला खुर्ची मागवली.

पुन्हा चाचणी. पुन्हा भेग, पलीकडे उतार. उंच मुलगा अलीकडे थांबला. मुलगी गेली. दोन लाद्यांच्या मध्ये चाक बसलं, आणि गाडी कलंडून अडकल्याचं चित्र पाऊण तासाने पोचलं.

खुर्ची उंच मुलाची. मुलगी मागच्या रांगेत, त्याच्या आज्ञा तपासायला.

*

गाडी काढायला बापालाच बोलावलं. जमिनीत हात घालायची दुसऱ्या कुणाला सवय नव्हती. चालवणाऱ्यांपैकी मुलीलाही आज आत सोडलं. गाडी जड होती आणि आता तिच्यापासून लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. इतकी वर्षं चित्रात पाहिलेली जमीन तिने पहिल्यांदा पायांनी पाहिली. मीठ बुटाखाली करकरलं.

“तुला माहीत होतं, इथे जागा नसणार,” बाप म्हणाला. “मग उतरलीस का?”

तिने चाकाखाली फळी सरकवली. दोघांनी जोर लावला. गाडी हलली नाही. बापाने दंताळं उलटं केलं आणि चाकापुढची जमीन चोपायला घेतली. लाद्यांचे तुकडे बाजूला, मीठ सारखं. चांगली गाडीएवढी जागा झाली. पुन्हा जोर लावला. गाडी निघाली आणि त्या जागेवर येऊन उभी राहिली.

“सवय, बाबा,” मुलगी म्हणाली.

गाडी ढकलत त्यांनी दारापर्यंत नेली. बाप खुणा पुसायला वळला. भेगेपासून दारापर्यंत सगळं पुसत आला. ती चोपलेली जागा मात्र तशीच राहिली होती, आणि त्याच्या ते लक्षातही नव्हतं. उद्यापासून उंच मुलाचा सराव याच जमिनीवर होता.

मुलगी परत आत गेली. तिने मूठभर खडे उचलले, तोंड भिंतीकडे फिरवलं आणि त्या जागेवर फेकले. मग दंताळं मागून घेतलं आणि आपली पावलं पुसत उलटी चालत आली.

बाप दारात उभा राहून बघत होता. त्यातला एकही खडा, त्याने स्वतः ज्या जागी ठेवला असता त्या जागी पडला नव्हता.