उन्हाचं मलम

म्वान्झा शहराहून येणारी लाँच बेटाला लागली की दवाखान्यातली नर्स मिलेम्बेला निरोप धाडायची. मिलेम्बे जन्मतःच बिनरंगाची. सगळं घर काळंभोर, आणि हिची कातडी दुधासारखी, केस पिवळट. ऊन तिला अक्षरशः भाजायचं, म्हणून महिन्याला मलमाची एक डबी मिळायची.

"सकाळी चोपडायचं, दुपारी पुन्हा," नर्स बजावायची. "कान विसरू नकोस. टोपी रुंद हवी, बाह्या लांब. आणि भर दुपारी किनाऱ्यावर जायचं नाही."

बोलायला सोपं होतं. मिलेम्बे भावाकडे राहायची आणि भावाचं घर बारीक मासळीवर चालायचं. ती मासळी वाळूत पसरायची, उलटायची, ते सगळं उन्हातच.

"वन्सं, सावलीत मासळी वाळली असती तर मीही बसले असते की सावलीत," भावजय क्वांडू म्हणायची.

मिलेम्बेचा जीव होता तो भाचीत. न्यान्झालाच्या जन्मानंतर क्वांडूनं वर्षभर अंथरूण धरलं, तेव्हा पोरीला पाठीशी बांधून वाढवलं ते हिनंच. आता न्यान्झालाचं लग्न शेजारच्या बेटावरच्या होडीवाल्याशी ठरलं होतं.

त्याच दिवसांत डबी पुरेनाशी झाली. महिना अर्धा सरायच्या आत तळ दिसायचा. आपलाच हात सैल सुटलाय, असं वाटून मिलेम्बे नाकाला आणि ओठांना तेवढं बोट लावायला लागली. कान भाजले. फोड आले, फुटले. क्वांडूनं कोरफडीचा गर लावला. डाव्या कानावरचा एक फोड मात्र खपली धरायचा आणि पुन्हा चिघळायचा.

"पुरत कशी नाही?" नर्स एकदा म्हणाली. "विकतेस की काय?"

मिलेम्बे मान खाली घालून परतली.

लग्नाच्या दिवशी भाऊ मालिमी हळूच म्हणाला, "ताई, तू चुलीकडेच बस. नवऱ्याकडच्या दोघी पोटुशा आहेत. तुला बघून उगाच त्यांच्या मनात काहीबाही यायला नको."

ती चुलीमागे बसली. पाहुण्या बायका नवरीच्या तोंडावरच्या तेजाचं कौतुक करत होत्या. न्यान्झाला पाया पडायला मागच्या दारी आली, वाकली, आणि मिलेम्बेला मलमाचा वास आला. पोरीचं तोंड पांढुरकं माखलेलं होतं.

"डबी तू नेत होतीस?"

"थोडंसंच गं, आत्या. गोरं व्हायचं होतं."

"त्यानं कुणी गोरं होत नाही. नुसतं भाजायचं थांबतं. तुला कुठं भाजत होतं?"

"आज नको ना, आत्या."

मिलेम्बेनं अंगठ्यानं तिचा गाल निपटून काढला आणि ते मलम आपल्या चिघळल्या कानाला लावलं. पोर रडायला लागली. क्वांडू धावत आली. "वन्सं, काय केलंत हे! लग्नाच्या दिवशी पोरीचं तोंड खराब केलंत!"

त्या कानाबद्दल घरात कुणी पुन्हा विचारलं नव्हतं. गालाबद्दल मात्र सगळं गाव विचारत राहिलं.

पुढं तो फोड कॅन्सरचा निघाला आणि म्वान्झाच्या डॉक्टरांनी अर्धा कान कापला. लवकर आली असतीस तर एवढा गेला नसता, म्हणाले.

परतीच्या लाँचनं न्यान्झालाच्या बेटावर थांबा घेतला. ती धक्क्यावर उभी होती. पोट दिसू लागलं होतं. मिलेम्बे कठड्याशी आली, पण पोर दोन पावलं लांबच थांबली. कानावरच्या पट्टीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

"आत्या, सासूबाई विचारतात... माझं बाळ तुझ्यासारखं नाही ना होणार?"

हे आई आणि बाप दोघांच्या रक्तातून येतं, कधी येईल सांगता येत नाही, असं नर्सनं मिलेम्बेला केव्हाच सांगितलं होतं.

"झालंच तर त्याची डबी लपवून ठेव," ती म्हणाली. "घरच्यांपासून."

लाँच सुटली, तशी मिलेम्बे डोक्यावरचं फडकं पुढे ओढून सावलीच्या बाजूला जाऊन बसली.