मेंढीला न ओळखणारी अँटीबॉडी

तिसऱ्या खेपेलाही पडद्यावर काहीच चमकलं नाही, तेव्हा प्रांजलीने हातमोजे ओढून काढले आणि डब्यात आपटले.

जालन्यातल्या एका पशुरोग प्रयोगशाळेत ती संशोधन करत होती. लस देऊनही काही मेंढ्या आजारी का पडतात, हे तिला शोधायचं होतं. रक्तातल्या लढाऊ पेशींच्या अंगावर एक रिसेप्टर, म्हणजे ओळखीची खूण असणारं प्रथिन, असतं. चमकता रंग लावलेली अँटीबॉडी त्याला चिकटली की पेशी यंत्रात चमकते, मोजता येते. अडीच महिने वाट पाहून आलेली अँटीबॉडीची इवलीशी बाटली मात्र काही केल्या काम करेना. तिने प्रमाण बदललं, फ्रीजचं तापमान तपासलं. बाटली बाहेर ठेवल्याचा आळ सहकारी भागवतवर घेतला. तो दोन दिवस तिच्याशी बोलला नाही.

शेवटी तिने एका गाईचं रक्त लावून बघितलं. पडदा झगमगला. अँटीबॉडी चांगलीच होती, पण गाईच्या रिसेप्टरसाठी बनवलेली. माहितीपत्रकात ‘मेंढी’ या शब्दावर बारीक चांदणी होती आणि तिचा खुलासा शेवटच्या पानावर : चालेल असा अंदाज, तपासलेलं नाही.

भागवतची माफी मागणं सोपं गेलं. धावड्याला म्हस्कूमामांकडे जाणं जिवावर आलं. तिच्या गावचे मेंढपाळ, मेंढ्या त्यांच्याच.

"मामा, सगळं रक्त वाया गेलं. चूक माझी हाय. दुसरं औषध मिळवलंय, पुन्हा घ्यावं लागंल."

मामा एका मेंढीच्या मानेवरची लोकर बाजूला करून सुईची जागा बघत राहिले.

"गाभण हायेत त्या. तीन डाव धरल्या म्या, तुझ्या शब्दावर. पह्यले एकीचंच घेऊन बघायचं व्हतं. बराबर जमलं, मंग बाकीच्या."

तिला आठवलं : पहिल्याच वर्षी शिकवतात हे.

"एकीचं ने," मामा म्हणाले. "बाकीच्या इल्याबिगर न्हाई."

मेंढ्या विण्याला दोन महिने होते. संशोधनाचा अहवाल द्यायला एकच. परतीच्या बसमध्ये तिने मोबाइलवर मुदतवाढीचा अर्ज उघडला. कारणाच्या जागी ‘तांत्रिक अडचण’ लिहिलं, पुसलं. भोकरदन मागे पडेपर्यंत ती जागा रिकामीच होती. मग तिने लिहिलं : आधी एका मेंढीवर तपासायला हवं होतं, मी तपासलं नाही.