कप्तानाचं रानमांजर

‘हे सांगितलं तर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसायचा नाही,’ असं म्हणून कप्तानाने खुर्ची पुढे ओढली, मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्यांनी विश्वास ठेवायची वाट बघत बसला.

कप्तान कुठल्या जहाजाचा कप्तान नव्हता. जन्मात त्याने ओलांडलेलं सर्वांत खोल पाणी न्हाणीघरातलं. शाळेत असताना अर्धा दिवस कुठल्याशा संघाचा कप्तान झाला होता, तोही खरा कप्तान आजारी पडला म्हणून. तेवढ्यावर त्याने सगळा जन्म काढला.

टायरच्या दुकानावरच्या त्या खोलीत वन्यजीव छायाचित्र मंडळाची बैठक भरली होती. खालून रबराचा वास येत होता. समोरच्या भिंतीवर प्रोजेक्टरचा उजेड होता आणि टेबलावर मंडळाची एकुलती एक मोठी लेन्स आपल्या पेटीत पहुडली होती. ती लेन्स केवढी म्हणाल, तर पुढच्या टोकावर ऊन असलं की मागचं टोक सावलीत असायचं. तिला उचलायला एक माणूस लागे आणि ‘अहो, कंबर सांभाळा’ म्हणायला त्याची बायको. हंगामाच्या तोंडावर सगळे आपापला एकेक फोटो आणत, अध्यक्ष त्यातला एक निवडत, आणि ज्याचा फोटो निवडला जाई त्याच्या घरी ती पेटी हंगामभर मुक्कामाला जाई. गेली दोन वर्षं ती कप्तानाच्या घरी होती.

यंदा ती एक्सरेबाईंना हवी होती.

एक्सरेबाईंची सगळी नोकरी दवाखान्याच्या तळघरात, एक्स-रे काढण्यात गेली. ‘श्वास रोखा, हलू नका,’ हे त्या इतक्यांना आणि इतक्यांदा म्हणाल्या होत्या, की घरी उतू जाणाऱ्या दुधालाही तेच सांगायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॅमेरा घेतला. गावाबाहेरच्या बंद पडलेल्या खाणीत, पलीकडच्या कड्याच्या कपारीत, घुबडांची जोडी त्यांनी हेरून ठेवली होती. यंदा तिथे पिल्लू होतं. पण मधे खाणीचं पाणी, आणि बाईंची लेन्स आखूड. घुबड फोटोत मोहरीएवढं आणि पिल्लू तर मनानेच ओळखायचं. थोड्या दिवसांत ते उडून जाणार होतं. बाईंनी आज आणलेला फोटो त्याच मोहरीचा होता. अध्यक्षांनी तो पाहून विचारलं होतं, ‘यात पक्षी कुठे आहे?’

अध्यक्ष दातांचे डॉक्टर. कप्तानाचा फोटो भिंतीवर उमटला तेव्हा त्यांनीच सगळ्यांच्या आधी ‘आ’ केला.

रानमांजर होतं. गवतात उभं, मान किंचित वळवलेली, पिवळे डोळे थेट बघणाऱ्याच्या डोळ्यांत. कानांच्या टोकावरची लव, कुशीवरचा केस न केस, शेपटीचा काळा झुपका, सगळं असं रेखीव की हात लावला तर टोचेल. पांढरं जळलेलं नाही, काळं बुजलेलं नाही. भोवतीचं गवत मात्र धुरासारखं पुसलेलं.

‘वा! मिशा मोजून घ्याव्यात,’ अध्यक्ष म्हणाले.

‘मोजा ना,’ कप्तान म्हणाला. ‘माझ्यापेक्षा दोन जास्त आहेत.’

मंडळाच्या नियमाप्रमाणे सेक्रेटरींनी मूळ फाइल उघडून आकडे वाचले. ‘आयएसओ शंभर. शटर...’ ते थबकले. ‘शटर पाव सेकंद?’

खोलीत चुळबुळ झाली. एवढ्या लांबलचक लेन्सला पाव सेकंद म्हणजे हातात भरलेला पेला घेऊन जिना धावत चढणं. नुसत्या शिंकेनेही फोटो हलतो.

‘म्हणूनच म्हटलं, विश्वास बसायचा नाही,’ कप्तान म्हणाला. ‘पहाट व्हायची होती. उजेड नावालाच. दुसरा कुणी असता तर आयएसओ वाढवून रवा-रवा झालेला फोटो घेऊन आला असता. मी म्हटलं, नाही! ट्रायपॉड बुटका केला, पायांना दगड बांधले, शटरला वायर लावली आणि श्वास रोखला. किती वेळ? एक गोगलगाय ट्रायपॉडच्या एका पायावरून चढली, लेन्सवरून चालत गेली, पलीकडच्या पायावरून उतरली. तरी मी श्वास सोडला नाही.’

‘पावलांचा आवाज झाला नाही ना तिच्या?’ कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं. हशा पिकला.

‘दाजी म्हणतात ते खरं आहे,’ कप्तानाचा मेहुणा म्हणाला. ‘मी होतो ना तिथे. गोगलगाय मी पाहिली.’

मेहुणा कॉलेजात, जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत कामाला होता. दाजी बोलले की री ओढायची आणि बहिणीकडचा पाहुणचार घ्यायचा, एवढाच त्याचा संसार. तो एक्सरेबाईंच्या शेजारी बसला होता आणि त्याच्या अंगाला डांबरगोळ्यांचा वास येत होता. ऐन उन्हाळ्यात, पातळ सदऱ्याला! बाईंच्या मनात पाल चुकचुकली ती तिथे.

त्यांनी चष्मा पुसला आणि फोटो पुन्हा पाहिला. मांजराचे पंजे दिसत नव्हते. चारही गवतात दडलेले. असू शकतं. पण इतकं सरळ, इतकं नीट उभं? मग त्यांनी स्वतःलाच दटावलं. बये, तुला ती लेन्स हवी आहे. पोटात दुखतंय म्हणून डोळ्यांना खोट दिसत नाही ना? उगाच बोट दाखवलं आणि मांजर खरं निघालं, तर लेन्स जाईलच, वर या खोलीत तोंड दाखवायची सोय राहणार नाही.

‘आणि तुम्ही दोघंच होतात, कप्तान?’ त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं.

‘मी, मेहुणा आणि मांजर.’

‘गाडीने गेला होतात?’

‘गाडीनेच. सामान होतं ना.’

‘दोन खोकी होती,’ मेहुणा म्हणाला. कप्तानाने त्याच्याकडे पाहिलं. ‘म्हणजे, लेन्सचं आणि... डब्याचं.’

‘मोठा डबा होता वाटतं,’ बाई म्हणाल्या.

‘बाई, भूक लागते माणसाला!’ कप्तान हसला, पण मिशी हसली नाही.

सेक्रेटरींनी घड्याळाकडे पाहिलं. अध्यक्ष म्हणाले, ‘मला वाटतं, आता निवडायचं काही उरलंच नाही.’ कप्तान उठला, टेबलाशी गेला आणि आपल्याच घरची कोठी असावी तसा त्याने पेटीच्या कडीवर हात ठेवला.

बाईंना ती कपार दिसली. कपारीतलं पिसांचं गाठोडं दिसलं. कुठेतरी पाणी मुरतंय हे कळत होतं, पण कुठे ते दाखवता येत नव्हतं. डांबरगोळ्यांवरून कुणी कुणाला चोर ठरवत नाही.

‘एकच शंका,’ त्या म्हणाल्या. ‘हे गवत असं पुसट का हो?’

हा प्रश्न कप्तानाला कुणी विचारला नसता, तर त्यानेच कुणाला तरी विचारायला लावला असता. पेटीवरचा हात तसाच ठेवून तो वळला.

‘तीच तर कला आहे! वारा, बाई, वारा! असा वारा मी आयुष्यात पाहिला नाही. माझी टोपी उडाली ती अजून खाली आलेली नाही. मेहुण्याच्या शर्टाचा खिसा उडून पाठीवर गेला. झाडावरचा कावळा उडायला लागला तर जागच्या जागीच फडफडत राहिला, शेवटी दमून चालत गेला. त्या वाऱ्यात मी पाव सेकंद शटर उघडं ठेवलं. गवत वाहून गेलं, बघा कसं लाटेसारखं. पण मांजर? माझ्या डोळ्याला डोळा भिडवून उभं!’

‘पूर्ण पाव सेकंद?’

‘पूर्ण.’

‘हललं नाही?’

‘तसूभर नाही.’

‘शेपटीसुद्धा?’

‘झुपका बघा की! केस मोजा.’

‘श्वास?’

कप्तानाने मिशी चाचपली. ‘श्वास... त्यानेही रोखला असेल. माझं बघून.’

लोक हसले. अध्यक्षही हसले. एक्सरेबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या उठून भिंतीपाशी गेल्या. उजेड त्यांच्या पाठीवर पडला आणि रानमांजराचा एक डोळा त्यांच्या खांद्यावर उमटला. त्यांनी बोट मांजराच्या कुशीवर ठेवलं, अगदी बरगडीवर, जिथे त्या जन्मभर बोट ठेवत आल्या होत्या.

‘डॉक्टर, इकडे बघा. लहान मूल असो की पैलवान, पाव सेकंदात बरगडीची कड फिस्कटते. मी श्वास रोखायला सांगायचे, तरी काहींची फिस्कटायची, कारण आत काळीज उडत असतं. माझ्या घरी मांजर आहे. झोपेतसुद्धा तिचं शेपटीचं टोक स्वस्थ नसतं. आणि इथे? टोपी परत न येणारा वारा. गवताची एक काडी धड नाही. तरी कान स्थिर, शेपूट स्थिर, कुशीचा केस न केस जागच्या जागी.’

‘म्हणजे काय म्हणायचंय तुम्हाला?’ कप्तानाचा आवाज चढला.

‘इतकी स्वच्छ फिल्म मला एकाच जातीच्या माणसांची मिळायची, कप्तान. त्यांना ‘श्वास रोखा’ सांगावं लागत नसे. त्यांना शवागारातून आणायचे.’ बाईंनी बोट काढून घेतलं. ‘तुमचं मांजर केव्हाच मेलेलं आहे. पेंढा भरलेलं आहे ते!’

खोलीत कुणी हललं नाही. त्या घडीला पाव सेकंद काय, चांगलं मिनिटभर शटर उघडं ठेवलं असतं तरी सगळ्यांचे फोटो स्वच्छ आले असते.

‘पेंढा?’ कप्तान गरजला. पेटीची कडी त्याच्या मुठीत खडखडली. ‘पेंढा भरलेलं म्हणता? सिद्ध करा! सगळ्यांसमोर सिद्ध करा!’

‘पेंढा मुळीच नाही हो, बाई,’ मेहुणा दुखावल्या स्वरात म्हणाला. ‘लाकडाचा भुसा आहे. पेंढ्याला कसर लागते.’