मागच्या सीटवरून आनप्पारा

पौलोसच्या जीपचं नाव होतं कोंबन, म्हणजे सुळेवाला हत्ती. पुढच्या काचेच्या कपाळावर पिवळ्या रंगात ते रंगवलेलं होतं आणि जीप उभीही तशीच असायची, दांडगी. तिच्या पोटाखालून एखादं कुत्रं शेपूट ताठ ठेवून आरपार निघून गेलं असतं. ही उंची पौलोसने हौसेने चढवली होती. चारही बाजूंच्या कमानपाट्यांत जाड पट्ट्या वाढवल्या, पाटा जिथे चौकटीला टांगतात ते शॅकल लांब केले, मोठे टायर घातले. डोंगरावरच्या त्याच्या गावाच्या, आनप्पाऱ्याच्या वाटेवर इतरांच्या जिपांची पोटं दगडांना घासायची. ही वरून निघून जायची. पावसाळा सरला की डोंगरापलीकडे चिखलाच्या शर्यती व्हायच्या. तिथे लोक नावाने हाका मारायचे त्या पौलोसला नव्हे, जीपला.

त्याची थोरली बहीण रोसक्कुट्टी याच जीपमधून खाली गेली होती. वेलदोड्याच्या ओल्या उतारावर तिचा पाय सटकला आणि ती बसल्या जागी दगडावर आदळली. मणका मोडला. आनप्पाऱ्याला ॲम्ब्युलन्स चढत नाही, ती खाली डांबरी वळणावर थांबते. तिथपर्यंत पौलोसनेच तिला नेलं. मागे गाद्या टाकल्या होत्या, तिचं डोकं त्याच्या बायकोच्या, लिस्सीच्या मांडीवर होतं. रोसक्कुट्टी ओरडली नाही. दर दगडाला तिच्या तोंडून एक बारीक आवाज निघायचा, मांजराच्या पिल्लासारखा. पौलोसने आजवर पुष्कळ इंजिनं किंचाळताना ऐकली होती, ती कधी लक्षात राहिली नाहीत. हा आवाज मात्र कानातून जाईना.

ऑपरेशन झालं, ती बरी झाली आणि कोट्टयमला लेकीच्या, जिन्सीच्या फ्लॅटमध्ये राहू लागली. डॉक्टर म्हणाले, बसून प्रवास चालेल, रोज थोडं चालायचं, फक्त हिसके नकोत.

"घरी कधी येतेस, चेच्ची?" पौलोस फोनवर विचारायचा.

"रस्ता करा, येते."

"पंचायत म्हणते, पुढच्या वर्षी."

"मग पुढच्या वर्षी येते. इथे काय वाईट आहे? पंखा आहे, टीव्ही आहे, जिन्सी बर्फातले मासे आणते. समोरच्या बाल्कनीत कुणाचे कपडे कधी वाळतात ते मला तोंडपाठ झालंय."

"खुर्चीत बसवून चौघं जण उचलून आणतो."

"चौघांनी उचलायला मी अजून मेले नाही, मोने. आणि तुझ्या त्या हत्तीवर तर मी बसायचीच नाही. सांगून ठेवते."

चेच्ची म्हणजे ताई, मोने म्हणजे बाळा. आई गेली तेव्हा पौलोस शाळेतही जात नव्हता. तेव्हापासून ती त्याला असंच म्हणायची, आता त्याच्या मिशा पिकल्या तरी.

फोन ठेवून तो अंगणात आला. लिस्सी चटईवर मिरी पसरत होती.

"म्हणते, कोंबनमध्ये बसणार नाही."

"मीही बसले नसते," लिस्सी मान वर न करता म्हणाली.

"का? काय वाईट आहे त्याच्यात?"

"अच्चाया, तुम्ही कधी मागे बसलाय?"

पौलोस हसला, पण हसू मध्येच जिरलं. गाडी घेतल्यापासून स्टिअरिंगसमोरची जागा सोडून त्याने दुसरीकडे बूड टेकवलं नव्हतं. स्टिअरिंग हातात असलं की दगड आधी दिसतो, अंग आपोआप सावरून घेतं. मागच्या माणसाला दगड कळतो तो थेट कमरेत.

लिस्सीने हात झटकले आणि खिळ्यावरची किल्ली काढली. दुधाचे कॅन सोसायटीत तीच पोचवायची, त्यामुळे ही वाट तिला पाठ होती. "चला, बसा मागे," ती म्हणाली.

चर्चच्या क्रुसापर्यंत पोचायच्या आत पौलोसची जीभ दाताखाली आली. त्यापुढच्या घळीत मागचं चाक खाली गेलं तेव्हा धाडकन आवाज झाला आणि त्याचं डोकं वरच्या दांड्याला लागलं.

"थांबव!"

"अजून निम्मंही झालं नाही."

"थांबव म्हणतो ना!"

तो खाली उतरला आणि दोन्ही हात कमरेवर ठेवून उभा राहिला. लिस्सीने इंजिन बंद केलं. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "त्या दिवशी मी हळू चालवत होतो गं."

"माहीत आहे. हळूच चालवत होतात."

त्या दुपारी त्याने टायरमधली हवा कमी केली. बारीक खडीची थरथर बरीचशी गेली, पण घळीतला तो धाडकन आवाज गेला नाही. मग लिस्सीला एक चाक मोठ्या दगडावर चढवायला लावून तो शेजारी पालथा पडला आणि खाली बघत राहिला. दुसऱ्या बाजूचं चाक अधांतरी लोंबत होतं आणि त्याचा शॉकअप ताणलेल्या दोरीसारखा शेवटाला आला होता. जीप उंच झाली होती, शॉकअप मात्र जुन्या उंचीचेच राहिले होते. चाक खड्ड्यात उतरलं की ते त्याला अर्ध्यात अडवायचे आणि तो हिसका सगळा वर बसलेल्याच्या अंगात जायचा. आणि पाटे? इतक्या वजनाखाली ते वाकायला हवे होते, पण ते लाकडी तुळईसारखे होते. शर्यतीत वीस वेळा त्याने या जीपची पाठ थोपटली होती, पण खाली पडून असं निवांत कधी बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो घाट उतरून कंबमला मुरुगेशनकडे गेला. मुरुगेशन लॉऱ्यांच्या, जिपांच्या कमानपाट्यांचं काम करायचा. या जाड पट्ट्या त्यानेच घातल्या होत्या.

"अण्णाच्ची, हे काढ."

"काय काढू?"

"तू घातलेलं सगळं."

मुरुगेशनने भाता थांबवला. "मी घातलं? इथे उभा राहून 'अजून एक घाल, अजून एक घाल' कोण म्हणत होतं? तुझा मेहुणा?"

"मीच. आता काढ. पण उंची कमी नको. पोट टेकलं तर वाटेत दगडावरच राहीन."

"उंची हवी आणि मऊपण हवं. बायकोला विचारून आलास की नाही?"

"तिनेच पाठवलंय."

मुरुगेशन हसला आणि कामाला लागला. जाड, आखूड पट्ट्या काढल्या. त्यांच्या जागी लांब, पातळ पट्ट्या घेतल्या, त्यांना कमान जास्त दिली, टोकं घासून निमुळती केली आणि मधे ग्रीस भरलं. कमान जास्त असल्यामुळे जीप उंचच राहिली. पौलोसने चाचपडत बघितलं, बोनेटवर भार देऊन दाबलं. जीप हलली, पहिल्यांदाच. त्याला ते विचित्र वाटलं, घरातला हट्टी माणूस एकाएकी हो म्हणतो तसं.

घरी जाताना डांबरी रस्त्यावर तो शीळ घालत होता. वळणावर लिस्सी वाट बघत होती, तिथून तिने चालवायला घेतलं आणि तो मागे बसला. आनप्पाऱ्याच्या चढावर मात्र एका उंचवट्यावरून उतरताना जीप अशी खाली बसली की ॲक्सल चौकटीवर आदळला. हिसका आधीपेक्षा मोठा होता.

"झालं," पौलोस म्हणाला. "हत्तीचा गुडघाच मोडला."

खाली वळणावर गावातला दुसरा जीपवाला, शाजी, आपल्या जीपसह उभा होता. त्याने ते बघितलं आणि संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर बातमी पोचली. कोंबनची हत्तीण झाली म्हणे. पौलोस काळा चहा संपवून उठला. घरी येऊन त्याने लिस्सीला सांगितलं, तेव्हा ती कप्पा, म्हणजे टॅपिओकाचे कंद, सोलत होती.

"हत्तीण झाली तर बिघडलं काय? कळप तीच चालवते," ती म्हणाली आणि सोललेला कंद पाण्यात टाकला.

पौलोस पुन्हा घाट उतरला. या वेळी मुरुगेशन स्वतःच जीपखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. "मी जरा घाई केली," आतून आवाज आला. "एक लांब पट्टी कमी पडतेय. आणि हे शॅकल बघ. पाटा दबला की चपटा होतो, चपटा झाला की लांबतो. त्या लांबीला सरकायला जागा नको? तुझे शॅकल अडकून उभे आहेत." त्याने शॅकल टांगायची जागा बदलली, एक पट्टी वाढवली आणि ॲक्सल जिथे आदळत होता तिथे उंच, मऊ रबराचे ठोकळे बसवले. नवे लांब शॉकअप पौलोसने कट्टप्पनाहून आणले होते, ते दोघांनी मिळून लावले.

एक गोष्ट मुरुगेशनने बजावून सांगितली. "आता पोती घालू नकोस. माणसं ने, दुधाचे कॅन ने. खताची पोती घातलीस तर हे पाटे झोपतील."

वेलदोड्याच्या हंगामात सगळ्या टेकडीची पोती पौलोसच वाहायचा. परतताना घाटभर तो त्याचाच विचार करत होता. घरी न जाता तो आधी शाजीकडे गेला आणि म्हणाला, "या वर्षीची पोती तू घे."

शाजीला वाटलं थट्टा आहे. मग त्याने जीपकडे बघितलं, पौलोसकडे बघितलं आणि विचारलं, "चेच्चीसाठी?"

"हो."

"मग हत्तीण म्हटलेलं मागे घेतो."

"राहू दे. लिस्सीला आवडलंय."

रोसक्कुट्टीने पौलोसच्या शब्दावर विश्वास ठेवला नाही. फोन लिस्सीला द्यायला सांगितला. "तू खरं सांग. याच्या तोंडाकडे बघून बोलू नकोस."

"मी मागे बसून आले, चेच्ची. हे चालवत होते. मांडीवर ताट असतं तर भाजी चिरली असती."

"कुठली भाजी?"

"पडवळ."

"पडवळ काय कुणीही चिरेल," रोसक्कुट्टी म्हणाली. पण पुढच्या शनिवारी ती निघाली.

जिन्सीने तिला मोटारीतून डांबरी वळणापर्यंत आणलं. इतक्या उंच जीपमध्ये ती चढणार कशी, हा प्रश्न लिस्सीने आधीच सोडवला होता. वळणावर रस्त्याकडेला उंच बांध होता. तिने जीप मागे घेत घेत त्याला अशी भिडवली की बांध आणि जीपचा तळ एका पातळीला आले. रोसक्कुट्टी काठी टेकत दोन पावलं चालली आणि आत गेली. पौलोस स्टिअरिंगकडे वळला.

"तू कुठे निघालास?"

"चालवायला."

"लिस्सी चालवेल. तू इथे माझ्याजवळ बस. काय होतंय ते तुलाही कळू दे."

पौलोस निमूट मागे बसला. जीप निघाली. पहिले दगड आले आणि चाकाखाली गेले. जीप डावीकडे झुकली, उजवीकडे झुकली, होडीसारखी, पण धक्का असा बसला नाही. रोसक्कुट्टीने एका हाताने दांडा धरला होता, दुसऱ्या हाताने त्याचं मनगट. तिची बोटं घट्ट होती. पौलोस तिच्या चेहऱ्याकडे न बघता तिच्या तोंडाकडे कान लावून बसला होता. घळ जवळ आली. मागचं चाक खाली उतरलं, पाटा सावकाश उलगडला, जीप दबली आणि परत वर आली.

"ती घळ कधी येणार?" रोसक्कुट्टीने विचारलं.

"गेली."

तिने मागे वळून बघायचा प्रयत्न केला, मग आठवलं की वळायचं नाही. मनगटावरची बोटं सैल झाली. थोडं पुढे गेल्यावर ती एकदम म्हणाली, "थांबव गं, लिस्सी."

पौलोस तिच्याकडे वळला. "काय झालं? दुखतंय? कुठे दुखतंय?"

"ते बघ." तिने काठीने बाहेर दाखवलं. वाटेच्या कडेला तिचाच वेलदोड्याचा तुकडा होता. "पानं पिवळी पडलीत. सावलीच्या झाडांच्या फांद्या कुणी छाटल्या एवढ्या? मी नाही म्हणून काय ऊन घालायचं झाडांना?"

"मी छाटल्या," पौलोस म्हणाला.

"वाटलंच मला. चल, लिस्सी."

घरी पोचल्यावर ती पडवीतल्या खुर्चीत बसली. लिस्सीने काळा चहा आणला, कप्पा आणि हिरव्या मिरचीची चटणी आणली. रोसक्कुट्टीने आधी मिरीच्या चटईकडे बघून घेतलं, मग कोंबड्यांची चौकशी केली, मग खायला लागली. जिन्सीला तिने फोन केला आणि पोचले एवढंच सांगितलं.

पौलोस पाना घेऊन जीपखाली शिरला. नवे पाटे पहिल्या काही चढांना बसतात, त्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. तो एकेक नट आवळत होता. वरून काठीचा ठक ठक आवाज जवळ आला आणि त्याच्या डोक्यापाशी रोसक्कुट्टीचे पाय येऊन थांबले.

"मोने."

"हं?"

"सोमवारी मला खाली नेशील का? रेशनकार्डाचं काम आहे. आणि बाजारातून ताजी मत्ती मासळी आणू. बर्फातली नको."

"नेतो. पण मी चालवू का?"

ती विचार करत उभी राहिली. "बघू," ती म्हणाली आणि तिचे पाय कोंबड्यांच्या खुराड्याकडे निघाले.